रूळ नसलेल्या लाइनीचे मास्तर

आमच्या चाळीमागे मातीचा एक लांबलचक बांध होता. तो ओलांडायची वेळ आली की मास्तर थांबत, आधी उजवीकडे बघत, मग डावीकडे, आणि मगच पलीकडे जात. त्या बांधावरून एकेकाळी रेल्वे धावत होती. रूळ उचलून नेल्याला वीस वर्षं होत आली होती आणि खालच्या लाकडी स्लीपरांची कुणाकुणाच्या चुलीत राख झाली होती. लग्न होऊन मी अंधेरीला नवीनच आले होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी हात आडवा धरून मला थांबवलं, तेव्हा म्हातारबुवांचं काहीतरी बिघडलंय असं मला वाटलं. त्यांच्या पत्नी, म्हणजे शेजारच्या काकू, मागून म्हणाल्या, "थांब आपली क्षणभर. वाद घातलास तर जास्त वेळ जाईल."

अंधेरीहून चकाला, साकीनाका करत तुर्भ्यापर्यंत, म्हणजे ट्रॉम्बेपर्यंत, जाणारी ती छोटी लाइन होती. मास्तर तिच्यावरच्या एका स्टेशनचे मास्तर. स्टेशन म्हणजे मुरमाचा फलाट आणि पत्र्याची एक शेड. लाइन बंद झाल्यावर त्यांना दुसरीकडे कुठेतरी टेबलाशी बसवलं आणि तिथूनच ते निवृत्त झाले. त्या टेबलावरच्या नोकरीबद्दल ते कधी अवाक्षर काढत नसत; बोलत ते लाइनीबद्दलच. "गाडी तोट्यात गेली म्हणून बंद केली म्हणतात," ते मला सांगत. "या गावांतली भाजी, गवत, दूध सकाळी बाजारात पोचायचं, ते पोचायचं थांबलं. त्याला तोटा म्हणत नाहीत होय?" मी पदराखाली हसू लपवायची. पण साकीनाक्याला कारखान्यांच्या शेड उठू लागल्या आणि भाजीचे मळे ओस पडून त्यांचे मालक तिथे कामाला जाऊ लागले, तेव्हा मला हसू येईनासं झालं.

लाइन पुन्हा सुरू होणार याबद्दल मास्तरांच्या मनात शंका नव्हती. मुंबई इतकी वाढतेय, माणसं जाणार कशी? म्हणून बांधावर ते कुणालाही काही बांधू देत नसत. एकानं तिथे गोठ्यासाठी चार बांबू रोवले, तर मास्तर दिवसभर त्याच्यासमोर बसून राहिले. "उद्या गाडी आली तर म्हशी कुठे नेशील रे?" असं ते त्याला पुन्हा पुन्हा विचारत होते. शेवटी कंटाळून त्यानं बांबू उपटले. आजूबाजूला झोपड्या वाढल्या, पण ती पट्टी टोकापासून टोकापर्यंत मोकळी राहिली.

बांधाखालून पाणी जायला एक दगडी मोरी होती. टेकडीकडून येणारं सगळं पाणी त्या मोरीतूनच पलीकडच्या ओढ्याला मिळायचं. मोरी तुंबली की बांधाच्या अलीकडची भातशेती बुडालीच म्हणून समजा. "बांध रेल्वेनं घातला, तेव्हा मोरी साफ ठेवणं रेल्वेचं काम," असं म्हणून मास्तर दर वैशाखात धोतर खोचून आत शिरत आणि गाळ उपसत. रेल्वे म्हणजे आता ते एकटेच उरले होते. बांधालगतचं शेत बायजाचं. ती विधवा बाई घमेलं घेऊन त्यांच्या हाताखाली उभी राही. त्या एवढ्याशा तुकड्यावर तिचं घर चाले.

एका हिवाळ्यात बांधावर माणसं आली. त्यांच्याकडे मोजणीची साखळी होती आणि लाल निशाणं होती. मास्तर घरात आले, ट्रंकेतून काळा कोट काढला आणि काकूंना म्हणाले, "पोहे टाक. आपले लोक आलेत." दोन दिवस ते त्या माणसांबरोबर उन्हात हिंडले. झुडपं स्वतः कोयत्यानं तोडून त्यांनी रेल्वेच्या हद्दीचे दगड दाखवले. कुठेही अतिक्रमण नाही, हे अभिमानानं सांगितलं. तुम्ही कोणाकडून आलात, हे मात्र त्यांनी विचारलं नाही. साहेब लोकांना असं विचारणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. आणि रेल्वेच्या लाइनीवर रेल्वेशिवाय कोण येणार? जाताना त्यातला एक जण म्हणाला, "काका, तुमच्यामुळे आमचं काम झटपट झालं." त्या संध्याकाळी मास्तरांनी सगळ्या चाळीला पेढे वाटले. मीही खाल्ला, आणि मलाही खरंच वाटलं की गाडी येणार.

होळीनंतर दगडमातीचे ट्रक आले. ती मोजणी एका कारखान्याच्या आवारासाठी होती. मोकळी जमीन, हद्द स्पष्ट, कुणाला उठवायला नको. बांधाच्या दोन्ही अंगांना भराव पडला, मोरी त्याखाली गाडली गेली, वर भिंत उभी राहिली. मास्तर रोज जाऊन मुकादमाला सांगायचे, "मोरी तेवढी सोडा हो." मुकादम मान हलवायचा आणि पुढच्या ट्रकला हात करायचा.

आषाढात बायजाच्या शेतात पाणी भरलं ते ओसरलंच नाही. लावणी कुजली. मास्तर भर पावसात कुदळ घेऊन भिंतीशी गेले. रखवालदारानं हटकलं तेव्हा म्हणाले, "मी इथला स्टेशनमास्तर आहे." त्यानं त्यांना हाताला धरून चाळीत आणून सोडलं. त्या रात्रीच ताप चढला, आणि मग ते अंथरुणावरून उठलेच नाहीत.

भाद्रपदात बायजा त्यांना भेटायला आली. मी तिथेच होते. चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं की तिनं शेत विकायला काढलंय आणि घेणाराही तोच कारखाना आहे. मास्तरांना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "भात कसं आहे?"

"बरा हाय, मास्तर," ती पदराशी चाळा करत म्हणाली. "कमरेला लागताय."

मास्तरांनी मान हलवली. तिला चहा द्यायला सांगितला. ती जिना उतरून गेली, तशी त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

"सूनबाई, एवढ्या वर्षांत पीक घरात आल्याशिवाय बायजा कधी बरं म्हणाली नाही," ते म्हणाले. "मला चार शिव्या देऊन गेली असती तर बरं झालं असतं गं."

मला रडू आवरेना. तोंड फिरवून मी औषधाची बाटली हलवत राहिले. त्यांनी औषध घेतलं नाही. दसऱ्याच्या आधीच मास्तर गेले. खांदा द्यायला बायजाचा मुलगा आला होता, कारखान्याच्या खाकी कपड्यांत, अर्ध्या दिवसाची रजा टाकून.