समुद्रावरची तळी

मुलाने मॉरिशसची तिकिटे काढली तेव्हा घरात कोणी पंचांग उघडले नाही, ही आमची चूक. एरवी गावी, बोरीत, आम्ही पंचांग बघितल्याशिवाय कांद्याचे रोपसुद्धा टाकत नाही, पण विमानात बसायच्या नादात सगळ्यांचे भान सुटले. निघायच्या तोंडावर शेजारीण चंपाषष्ठीच्या वांग्यांची चौकशी करायला आली आणि आमचे हे मटकन ओट्यावरच बसले. षष्ठी नेमकी आम्ही तिकडे असताना येत होती.

ज्यांच्या घरी खंडोबा नाही त्यांच्यासाठी सांगते. चंपाषष्ठी हा त्याचा सण, नैवेद्याला वांग्याचे भरीत आणि रोडगे. त्या दिवशी ताम्हणात विड्याची पाने, सुपारी, खोबरे आणि भंडारा, म्हणजे हळद, ठेवतात. पाच जण ते ताम्हण धरतात आणि 'येळकोट येळकोट जय मल्हार' म्हणत वर उचलतात. ही तळी. ह्यांच्या हृदयाचे ऑपरेशन झाले तेव्हा आत नेता नेता ह्यांनी देवाला शब्द दिला होता, की हात चालतील तोवर एकही तळी चुकवणार नाही आणि तळी उचलल्याशिवाय त्या दिवशी अन्नाला शिवणार नाही. आपल्या गोळ्या जन्मभर जेवणानंतरच घ्यायच्या असणार आहेत, हे तेव्हा ह्यांना कुठे ठाऊक होते.

"तिथं पाच माणसं कुठनं आणायची? मी आन तू, दोघंच," हे मुलाला म्हणाले.

"आई आहे की."

"बायका न्हाई धरत तळी."

बायका ताम्हण घासतात, वांगी भाजतात, बाजरीचे रोडगे थापतात आणि तळीच्या वेळी दारात उभ्या राहतात, हे मी लग्न होऊन आल्यापासून बघत आले होते.

विमानतळावर खोबऱ्याच्या वाट्या बॅगेतून काढून ठेवाव्या लागल्या. सुके खोबरे विमानात चालत नाही म्हणे. भंडाऱ्याची पुडी तेवढी ह्यांच्या खिशात राहिली.

मुलाने तिथे गाडी भाड्याने घेतली आणि किनाऱ्याकिनाऱ्याने आख्ख्या बेटाला फेरी मारायची ठरवली. एका अंगाला निळाहिरवा समुद्र, दुसऱ्या अंगाला ऊसच ऊस आणि मध्ये लालभडक फुललेले गुलमोहर. मी काचेला नाक लावूनच बसले होते. ह्यांना समुद्रापेक्षा उसात रस. "लई झ्याक ऊस हाय, पण खालचं वाळलं पाचट काढलं न्हाई," असे म्हणून ह्यांनी दोनदा गाडी थांबवायला लावली. परक्या मुलखात माणूस इतका रमलेला बघून मला बरे वाटत होते.

षष्ठीच्या दिवशी मात्र सगळे फिरले. सकाळी अन्न नाही, म्हणून गोळी नाही. हॉटेलातल्या कुणाला तरी बोलावतो म्हणून मुलाने विनवले, तर हे म्हणाले, "देवाचं नाव ठाव न्हाई आसल्या माणसाला कसं धराया सांगू?" दुपार झाली तसा ह्यांचा चेहरा उतरला आणि उसाकडेही न बघता हे मान मागे टाकून बसले. मला राग आला आणि भीतीही वाटली, आणि त्या दोन्हीच्या भरात मी मनात देवाला म्हणाले, 'मी ह्यांना समजावून थकले. आता तुझा भक्त तूच सांभाळ.' इतकी उद्धट प्रार्थना मी आयुष्यात केली नव्हती. पण म्हणून टाकली आणि जीव हलका झाला.

ह्यांना वारा लागावा म्हणून मुलाने सुरूच्या झाडांखाली गाडी थांबवली. खाली वाळूवर एक म्हातारा, एक प्रौढ माणूस आणि एक कॉलेजातली वाटावी अशी मुलगी मासेमारीची होडी पाण्याबाहेर ओढत होती. होडी अडली. म्हाताऱ्याने दम घेतला आणि ओरडला, "येळकोट येळकोट!"

"जय मल्हार!" दोघांनी साथ दिली आणि होडी सरकली.

हे दार उघडून निघालेच. आम्ही पोचेपर्यंत ह्यांचे हात होडीला लागले होते. डॉक्टरांनी जड उचलू नका म्हणून बजावले होते, पण ते आता कोण सांगणार.

मुलगी म्हाताऱ्याची नात होती आणि शाळेत मराठी शिकलेली. तिचे मराठी पुस्तकातले, आमच्यापेक्षा शुद्ध. "आमचे पूर्वज हे शब्द सोबत घेऊन आले," ती म्हणाली. "होडी ओढताना आम्ही ते म्हणतो. आपणांस यांचा अर्थ ठाऊक आहे का?"

खिशातली पुडी काढून ह्यांनी म्हाताऱ्याच्या कपाळाला भंडारा लावला आणि रडले.

मग माशांची पाटी बाजूला सरकली. त्यांच्या जेवणाच्या डब्याचे झाकण ताम्हण झाले. ओला नारळ फुटला. हे, आमचा मुलगा, म्हातारा आणि त्याचा मुलगा, असे चार जण वाळूत बसले. पाचवा हात त्या मुलीने कुणाला न विचारता लावला. ह्यांनी तिच्याकडे बघितले, माझ्याकडे बघितले आणि मान खाली घालून येळकोट म्हटले. तळी उचलली गेली.

त्यांच्या डब्यात भाजलेल्या वांग्याचे कांदा-मिरची घातलेले भरीत होते. मी याला चमत्कार म्हणत नाही, तिकडे ते लोक करतातच. हे ते पोटभर जेवले आणि गोळी घेऊन सुरूच्या सावलीत घोरू लागले. मी शेजारी बसून समुद्र बघत राहिले. देवाला दिलेला शब्द आपणच एकट्याने पेलायचा, या समजुतीने ह्यांनी जिवाला घोर लावून घेतला होता. आणि इथे त्याच देवाचा गजर पिढ्यान्‌पिढ्या आमच्यावाचून चाललेला होता. भार त्याच्यावर टाकला की तो माणसे आणून उभी करतो, पण ती आपण योजलेलीच असतील असे नाही.

पुढच्या चंपाषष्ठीला बोरीत तळी भरली. चार जण बसले, पाचवा पुतण्या अंगणात चपला काढत होता. मी नेहमीसारखी दारात, हाताला रोडग्यांचे पीठ.

ह्यांनी ताम्हण धरले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "उभी काय ऱ्हायलीस? ये, धर."

मी हात पुसायलाही थांबले नाही.