काठीचं टोक

जर्मनीत झिंडेलफिंगेनला आमच्या घरामागच्या टेकडीवर सत्तरीचे एक आजोबा रोज वाळूने भरलेली सॅक पाठीवर घेऊन पायऱ्या चढायचे. वर पोचले की धापा टाकतच काठी बंदुकीसारखी खांद्याला लावायचे. टोक हललं, की पुन्हा खाली.

मला चौकशीची खोड, एकदा विचारलंच.

“आल्प्समध्ये शिकारीला जातो,” ते म्हणाले. “चढून दमल्यावर हात हलला, तर जनावर नुसतं जखमी होतं.”

पुढे दोन आठवडे ते दिसलेच नाहीत. मनात नको नको ते येऊन गेलं. आज टेकडीवर दिसले आणि माझा जीव भांड्यात पडला.

“मिळाली शिकार?”

“रानबकरा अगदी समोर होता. पण हात हलला. बंदूक खाली घेतली.”

एवढं बोलून त्यांनी काठी खांद्याला लावली. टोक हललं. ते हसले आणि पायऱ्या उतरू लागले.