आपांनी न सांगितलेली नावं

आपा बाजारात कुणाला ओळख दाखवत नसत. धुळ्याच्या भाजीबाजारात समोरून गिरणीतली एखादी बाई आली, तरी आपा मेथीची जुडी उलटीपालटी करत राहायच्या. त्या बाईनं आपण होऊन हाक मारली, की मात्र तिच्या लेकराबाळांची नावं घेऊन चौकशी करायच्या. मला आधी वाटलं, बाईंच्या अंगात तोरा आहे. एकदा न राहवून विचारलंच. म्हणाल्या, "बेटा, मी गिरणीची नर्स. ही तुला कशी ओळखते, असं तिच्या सासूनं विचारलं तर तिनं काय सांगायचं? ओळख द्यायची की नाही, ते तिनं ठरवायचं."

नरडाण्याजवळच्या एका सूतगिरणीत आमची गाठ पडली. मी पर्यावरणशास्त्र शिकून नोकरीला लागले होते आणि गिरणीचा सस्टेनेबिलिटी रिपोर्ट तयार करणं हे माझं काम होतं. पाणी किती वापरलं, वीज किती, कामगारांची तब्येत कशी, हे सगळं त्यात खरं खरं छापायचं. आमचं सूत घेणारी परदेशी कंपनी तो वाचायची. पाणी आणि वीज मीटरवर मिळाली. तब्येत मात्र आपांच्या कपाटात होती, आणि त्या कपाटाची किल्ली आपांच्या गळ्यात.

आपा धुळ्याच्या. घरी हिंदी, साहेबांशी शुद्ध मराठी आणि खेड्यावरून येणाऱ्या बायकांशी अस्सल अहिराणी. रुई पिंजली जाते त्या कार्डिंग खात्यात हवेत सतत धूळ असते. ती वर्षानुवर्षं छातीत गेली की दम लागतो. म्हणून त्या खात्यातल्या लोकांना आपा दरवर्षी नळीत जोरात फुंकायला लावायच्या आणि मशीन छातीची ताकद सांगायचं. सुमनबाई नावाच्या कामगार बाईंची तपासणी मी पाहिली. तीनदा फुंकून त्या घामाघूम झाल्या आणि मशीनमधून आलेल्या कागदाकडे बघत म्हणाल्या, "आपा, हाई कागद कोनले दखाडशात?"

"तुले," आपा म्हणाल्या. "आखो कोनलेच नई."

आणखी कुणालाच नाही, आणि मी मात्र तिथंच उभी होते. चूक लक्षात येऊन मी गुपचूप खोलीबाहेर गेले.

रिपोर्टसाठी आपांनी मला आकडे दिले, पडताळणीपुरतं खातं-वय-गाव सांगितलं, नावं दिली नाहीत. मी मोठ्या हौसेनं तक्ता केला. खातं, स्त्री की पुरुष, वय, गाव. फुप्फुसाचा त्रास असलेले चौघं मी त्यात बरोबर बसवले. कॉलेजात असंच शिकवलं होतं, जितका तपशील तितकी पारदर्शकता. आपांनी चष्मा लावून तक्ता पाहिला आणि एका चौकोनावर बोट ठेवलं.

"कार्डिंग, बाई, पन्नाशीच्या पुढची, हे गाव. त्या गावाहून अशी एकच बाई येते. तू नाव गाळलंस बेटा, पण चेहरा काढून ठेवलास."

मला कानशिलात बसल्यासारखं झालं. आपांनी खुर्ची जवळ ओढली आणि त्यांच्या सुरुवातीच्या दिवसांतली एक गोष्ट सांगितली. एका बाईला दम लागायचा. आपांनी चांगल्या मनानं तिच्या सुपरवायझरला सांगितलं, हिला हलकं काम द्या. त्यानं तिला दुसऱ्या महिन्यात घरीच बसवलं. "तिला वाटलं, मी मुद्दाम केलं. मी दोनदा तिच्या घरी गेले. दोन्ही वेळा तिनं मला पाणी दिलं, पण बोलली नाही." आपांनी चष्मा पुसला. "तेव्हापासून मी आकडा उघडा ठेवते आणि माणूस झाकून."

मोठ्या साहेबांना नेमकं उलटं हवं होतं. मसुदा वाचून ते म्हणाले, "आजारपण ही लोकांची खासगी बाब आहे. कायदाही तेच सांगतो. हा आकडाच काढून टाका." साहेबांच्या तोंडी आपांचाच मुद्दा आल्यासारखा वाटत होता. आपा मात्र शांतपणे म्हणाल्या, "साहेब, पडदा माणसासाठी असतो, धुळीसाठी नाही. धूळ कुठल्या खात्यात किती, ते खातेवार छापा. आजारी किती, तो आकडा सगळ्या गिरणीचा मिळून छापा. कुणाचं नाव कळणार नाही, आणि काय चुकतंय तेही लपणार नाही."

आठ दिवस मी ज्यावर डोकं फोडत होते, ते या बाईनं चार वाक्यांत सोडवलं होतं. साहेबांनी कुरकुरत मान्य केलं.

मग परदेशी कंपनीची माणसं आली, एक बाई आणि एक गृहस्थ. मी दुभाषाचं काम करत होते. गृहस्थांनी चौघांची नावं मागितली. आकडा खरा आहे हे नाहीतर कसं समजायचं, म्हणाले. साहेबांनी आपांकडे पाहिलं. मोठं गिऱ्हाईक होतं. ते गेलं तर एक पाळी बंद पडली असती, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"नावं माझी नाहीत, मी कशी देऊ?" आपा म्हणाल्या. "तुमचा डॉक्टर आणा. ज्याला यायचं तो स्वतःच्या पायानं येईल. डॉक्टरांनी पुन्हा तपासावं आणि आकडा तेवढा घेऊन जावा."

पाहुणे तयार झाले. पण दवाखान्यात कोण जातं हे सगळी गिरणी बघणार होती. जे चौघं जातील ते उघडेच पडणार, न गेले तर आपा खोट्या ठरणार. त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत आपा कार्डिंगच्या बायकांत जाऊन बसल्या. डबा उघडलाच नाही. सगळ्यांनीच यायचं, एवढंच म्हणाल्या, "बठ्ठ्या जनी या वं. एक बी मांगे ऱ्हावाले नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्याच्या पायरीवर उभी होते. आधी कार्डिंगच्या बायका आल्या, सगळ्याच्या सगळ्या, डोक्यावर पदर घेऊन. त्यांच्यामागे पुरुष. मग सूत गुंडाळणाऱ्या मुली आल्या, कँटीनमधले आले, गेटवरचे दोन्ही वॉचमन आले, चाळीसगावहून येणारे हिशेबनीस काका आले. रांग पार सायकल स्टँडपर्यंत गेली. त्या शेकडो माणसांत आजारी चौघं कोण, हे आता जगातल्या कुठल्याही तक्त्याला सांगता आलं नसतं. शेवटी साहेबही शर्टाच्या बाह्या दुमडून रांगेत उभे राहिले. डॉक्टरांनी खूण केली तेव्हा आपांनीही नळी तोंडाला लावून फुंकलं.

निकाल आला. आजारी चार नव्हते, सात होते. वाढलेले तिघं कधीच तपासणी न झालेल्या खात्यांतले.

आपांनी तो आकडा पुन्हा एकदा वाचला. "तीन माणसं माझ्या दाराबाहेर खोकत होती, आणि मी आत बसून चार मोजत होते."

रिपोर्ट छापायला गेला होता. आता पुढच्या वर्षी दुरुस्त करू, असं साहेब म्हणाले. आपांनी ऐकलं नाही. छपाई थांबवायला लावली आणि मला वाक्य सांगितलं, 'यापूर्वीची तपासणी अपुरी होती, म्हणून आकडा कमी दिसत होता.' अपुरी तपासणी कुणाची, तर स्वतःची. हे सांगताना त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. तेच पान मराठीत करून त्यांनी गेटवर लावायला लावलं. गिऱ्हाईक गेलं नाही. त्यांच्या बाईंनी जाताना आपांचा हात दोन्ही हातांत धरला. पुढच्या हंगामाआधी कार्डिंगमध्ये धूळ ओढणारी नवी यंत्रं बसली आणि सातांपैकी ज्यांना हवं होतं त्यांना काम बदलून मिळालं. त्याच वेळी इतरही बऱ्याच जणांच्या जागा बदलल्या होत्या. ती युक्ती कुणाची, हे सांगायला नको.

आपा निवृत्त झाल्या. मीही आता जळगावला दुसऱ्या कंपनीत हेच काम करते. मध्यंतरी त्यांच्या घरी गेले होते. चहा झाला, गप्पा झाल्या, मग वाळत घातलेले कपडे आणायला आम्ही गच्चीवर निघालो. अर्ध्या जिन्यात आपा थांबल्या. कठड्याला धरून उभ्या राहिल्या, ओठ किंचित उघडे, खांदे वरखाली होत होते. मला ते नवे तिघं आठवले. आणि त्या सकाळी आपांनीही नळी फुंकली होती, हे आठवलं.

प्रश्न अगदी ओठांवर आला होता. आपा माझ्याकडेच बघत होत्या.

"मी होते पुढे, तुम्ही या सावकाश," मी म्हटलं. त्या वर आल्या तोवर मी दोरीवरचे कपडे काढून घड्या घालायला लागले होते.