कोपरा केवढा ठेवायचा?

शेत घेऊन दोन वर्षं झाली तरी मायनं त्यात पाऊल टाकलं नव्हतं, एवढीच माझी तक्रार होती. धुळ्याकडचं आमचं गाव. गावाबाहेर ओढ्याला लागून दोन एकर काळी जमीन, सातबाऱ्यावर माझं नाव. माय त्याच गावात राहते, शेतावरून रोज ये-जा करते, पण बांधापाशी आली की पदर नीट करून पुढे चालायला लागते. "आत ये की," म्हटलं की म्हणते, "माले काम शे." कसलं काम? काही नाही! सत्तरी ओलांडलेल्या बाईला कसलं आलंय एवढं काम?

कारण मला माहीत होतं. दादर, म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी, काढून नेली की रानात पडलेली कणसं वेचायला बाया जायच्या. त्याला सरवा म्हणतात. मालक बरा असला तर बघून न बघितल्यासारखं करायचा. या शेताचा मालक तसला नव्हता. त्यानं मायला याच बांधावर गाठलं, चोर म्हणाला आणि ओटी सोडायला लावली. सगळी कणसं मातीत पडली. मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. घरी येताना रडत मी होते आणि माय मलाच रागावत होती.

पुढे त्या मालकाची मुलं सुरतेला गेली, शेत विकायला निघालं आणि मी डोळे झाकून ते घेतलं. वाटलं, माय खूश होईल. कसलं काय! सातबारा दाखवला तर म्हणाली, "बरं झालं," आणि भाकरी थापत बसली.

मी जळगावच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. यंदा माझ्या गळ्यात एक नवाच विषय पडला: प्राचीन इस्राएली लोकांचे धार्मिक आणि सामाजिक नियम. खरं सांगते, मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. वाचायला बसले तर डोकं भणाणलं. कुठल्या जनावराचा खूर दुभंगलेला आणि कोण रवंथ करतं, त्यावर काय खायचं ते ठरायचं. लोकर आणि अळशीचा धागा एका कापडात विणायचा नाही. मळणीच्या बैलाला मुसकं घालायचं नाही. घराच्या धाब्याला कठडा बांधायचा, नाहीतर कुणी पडून मेलं तर दोष घरमालकाला. आणि हे सगळं देवाच्या पूजेला खेटून! याला धर्म म्हणायचं की ग्रामपंचायत, तेच मला समजेना.

मग तो शेताचा नियम आला. पीक कापताना शेताचे कोपरे सोडायचे. पडलेली कणसं उचलायची नाहीत. एखादी पेंढी विसरली तर ती आणायला मागे वळायचं नाही. ते सगळं गरिबाचं, विधवेचं, परक्याचं. म्हणजे माझ्या मायला ज्याच्यासाठी चोर म्हणाले, तो दुसरीकडे कुठेतरी हजारो वर्षांपूर्वी हक्क होता? मला आनंद व्हायला हवा होता की संताप यायला हवा होता, देव जाणे. दोन्ही एकदम झालं आणि चहा तसाच गार झाला.

वर्गात हे शिकवताना माझा आवाज चढला असावा, कारण मागच्या बाकावरची कुजबुज थांबली. मग एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, पण कोपरा केवढा?" मी नोट्स चाळल्या. नियमात मापच नव्हतं. "ज्याच्या त्याच्या मनावर," असं काहीतरी ठोकून दिलं. मुलीचं समाधान झालं नाही आणि माझं तर मुळीच नाही.

पण डोक्यात घेतलं ते घेतलं. आमचं शेत गावातले एक नाना निम्म्या वाट्यानं करतात. त्यांना म्हटलं, यंदा दादर कापताना एक कोपरा उभा ठेवायचा, ज्याला लागेल त्यानं न्यावा. नानांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली.

"ताई, कोपरा कोणाच्या वाट्यातला?"

"माझ्या."

"मंग ठीक शे. केवढा?"

घ्या! इथेही तेच. मी बांधावरून पावलं मोजली. पाच पावलांवर रेघ मारली तर चिंधीपणा वाटला. वीस पावलांवर मारली तर गावाला दाखवायला केल्यासारखं वाटलं. पुसली, परत मारली, परत पुसली. शेवटी उन्हाला कंटाळून बारा पावलांवर चप्पल घासली आणि जळगावची एस.टी. पकडली. मनात एकच होतं: बाया येतील, त्यांच्याबरोबर माय येईल, आणि यावेळी तिची ओटी भरून जाईल.

कुणी आलं नाही. शिवारातली सगळी दादर निघाली, माझा कोपरा तेवढा उभा. पंधरा दिवसांनी नानांचा फोन आला. "ताई, तुमच्या कोपऱ्यात नारळ फुटला." मला वाटलं, नाना चेष्टा करताहेत. ते म्हणाले, "शेंदूरही लागी गया."

लोकांचं तरी काय चुकलं? शहाणा माणूस उभं पीक सोडतो का? म्हणजे तिथे काहीतरी देवाची जागा आहे, नाहीतर मास्तरीणबाईंनी नवस केलाय. कुणीतरी बांधावरच्या दगडाला शेंदूर फासला, कुणाचातरी ताप उतरला, झालं! आणि आम्ही बौद्ध. आमच्या घरात नवस नाही, अंगारा नाही. बरं, ज्यांचा नियम मी उसना आणला, त्यांच्यात तर दगडापुढे वाकायची सक्त मनाई. त्यांच्या नियमानं, माझ्या हातानं, गावाला नवा देव मिळाला होता. हसावं की कपाळ बडवावं?

रविवारी सकाळी तरातरा गावी गेले आणि सगळा राग मायवर काढला. "तू गावात असतेस ना? लोकांना सांगता येत नाही? तुझ्यासाठी केलं मी हे सगळं!" माय शेंगा सोलत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "मन्हासाठी? काय केलं ते तरी सांग." मग मी पहिल्यांदाच तिला तो नियम नीट सांगितला. कोपरा, पडलेली कणसं, विसरलेली पेंढी, सगळं. शेवटी तिनं विचारलं, "त्या लोकांमा मालक तठे उभा ऱ्हाये का?"

"कुठे?"

"बाया वेचेत तवय. तठेच उभा ऱ्हाये का घर निघी जाये?"

मला माहीत नव्हतं. आयुष्यभर पुस्तकं वाचून हा प्रश्न मला सुचला नव्हता. माय उठली, विळा घेतला आणि पुढे चालू लागली. मी मागे.

बांधावर नारळाची कवड पडली होती. मायनं ती उचलून हुंगली. "खोबरं चांगलं शे," म्हणाली आणि पदरात बांधली. ओढ्यापलीकडे तीन बाया थांबून आमच्याकडे बघत होत्या. मायनं चपला काढल्या. दोन वर्षं मी ज्याची वाट बघत होते, ते पाऊल तिनं माझ्या डोळ्यांदेखत शेतात टाकलं. फोन काढून फोटो घ्यावा म्हणून मी पर्समध्ये हात घातला.

माय कोपऱ्यापाशी गेली, ज्वारीचं एक ताट मुठीत धरलं आणि थांबली. मागे वळून बघितलं. परत ताट धरलं, परत वळून बघितलं. मला कळेना. "काप की," मी म्हटलं, "आपलंच आहे." तिनं ताट सोडून दिलं.

"तू आठून जाय बरं," ती म्हणाली.

"मी? अगं, मी तुझी पोरगी ना!"

"माले माहीत शे," माय म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या पायांखालच्या बांधाकडे बघत होती. "पन मालकीण बांधावर उभी शे तोवर मन्हा हात चालत नही."

त्याच बांधावर, त्याच जागी उभी होते मी. फोन पर्समध्ये टाकला आणि गावच्या विहिरीच्या दिशेनं चालू लागले. थोड्या वेळानं मागे विळ्याचा आवाज यायला लागला, मग ओढ्यातून येणाऱ्या बायांचं बोलणं. मी मागे वळले नाही.