थूलभाऊंच्या कुलपातला गांजा

पोलीस ठाण्यात किस्से साचतात ते जप्त केलेल्या मालासारखे. कोणीतरी आणून टाकतो, आणि मग परत न्यायला कोणी फिरकत नाही. आमच्याकडच्या मोटारसायकली गंजल्या, कोयते गंजले, किस्से मात्र जसेच्या तसे आहेत. घडले तेव्हा आम्ही त्यातल्या बऱ्याचशांवर पोट धरून हसलो होतो. आता सांगायला बसलं की हसू कमी येतं. त्याला माझा इलाज नाही.

ठाणं वर्धा जिल्ह्यातलं, हायवेला लागून. कोणतं ते विचारू नका, माझी अजून नोकरी आहे! मी तिथे कोर्टाची कामं बघते. मला धोटेबाई म्हणतात. जिल्ह्यात दारूबंदी, त्यामुळे आमच्या मुद्देमालाच्या खोलीत सगळ्यात जास्त काय असेल, तर दारू. आणि हायवे असल्यामुळे तिच्या खालोखाल गांजा. ट्रकमध्ये कांद्याखाली, कोबीखाली, एकदा तर देवीच्या मूर्तीखाली सापडला.

या खोलीची चावी हवालदार थूल यांच्याकडे. चावी कमरेच्या पट्ट्याला साखळीनं बांधलेली. घरी लुंगी नेसली तरी लुंगीवर पट्टा! एकदा त्यांच्या सख्ख्या मेहुण्याची मोटारसायकल अपघाताच्या केसमध्ये जप्त झाली. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, डिक्कीत माहा टिफिन राह्यला, तेवढा द्या ना."

थूलभाऊ म्हणाले, "कोर्टाचा ऑर्डर आन."

त्या टिफिनात वांग्याची भाजी होती. पुढचा आठवडाभर तिचा वास अख्ख्या ठाण्यानं घेतला.

*

केस संपली की, कधी त्याआधीही, गांजा कोर्टाच्या हुकमानं जाळावा लागतो. आम्ही त्याला नुसतं 'नाश' म्हणतो. गावाबाहेरच्या बंद खदानीत खड्डा करायचा, पंच बोलवायचे, कॅमेरा लावायचा, वरून कमिटीचे साहेब येतात. सगळे जण धूर अंगावर येणार नाही अशा बाजूला उभे राहतात, तोंडाला रुमाल बांधून.

मागच्या एका नाशाला आमचा ड्रायव्हर बंडू मुद्दाम धुराच्या बाजूला जाऊन उभा राहिला. "जीपकडे पाहाले कोनी पाह्यजे ना!" म्हणे. परत येताना त्यानं ढाब्यावर गाडी थांबवली आणि शेवभाजी मागवली. मग पुन्हा मागवली. पुन्हा पोळ्या. आम्ही चहा पिऊन कंटाळलो, हा आपला खातोच आहे. शेवटी ढाबेवाला बाहेर येऊन म्हणाला, "साहेब, आता कनीक भिजवा लागते. थांबता का?"

सगळे हसलो. थूलभाऊ तेवढे हसले नाहीत. ते बंडूला म्हणाले, "बंड्या, तो धूरबी मुद्देमालच होता!"

*

एका ट्रकमधला गांजा आम्ही भर पावसात पकडला होता. ओला गच्च. केस उभी राहिली तेव्हा मध्ये कितीतरी उन्हाळे गेले होते. कोर्टात पोती पुन्हा मोजली तर वजन पुष्कळ कमी. आरोपीच्या वकिलाला हेच हवं होतं. "हवालदारसाहेब, उरलेला कोणी ओढला?"

मी खाली मान घातली. थूलभाऊ शांतपणे म्हणाले, "वकीलसाहेब, घरी अंबाडीची जुडी वाळू घाला आन् मंग मोजून पाहा. वाळलं का कमी होतेच." जज्जसाहेबसुद्धा हसले. तो दिवस थूलभाऊंचा होता. ठाण्यात आम्ही समोसे मागवले.

त्याच वर्षी त्यांच्या बायकोच्या, शीलावहिनींच्या पोटात दुखायला लागलं. नागपूरला नेलं. पोटाचा कॅन्सर निघाला. किमो सुरू झाली. दुसऱ्या वेळी गेले तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी वहिनींना काट्यावर उभं केलं आणि विचारलं, "एवढं वजन कसं उतरलं? खायला देत नाही का?"

परत आल्यावर थूलभाऊ आम्हाला चहाच्या टपरीवर हे सांगत होते. म्हणाले, "कोर्टात उत्तर होतं माह्यापाशी. तिथं काईच नोहोतं."

*

शीलावहिनींचा गोळाभात म्हणजे ठाण्याचा विषय होता. थूलभाऊंचा डबा उघडला की बंदोबस्तावरचे लोकही कसले तरी निमित्त काढून आत यायचे. भातात डाळीचे गोळे, वरून लसणाच्या फोडणीचं तेल, कढत, वेगळ्या डबीत.

किमोनंतर वहिनींना पहिल्यांदा नकोसा झाला तो हाच वास. लसूण तेलात पडला की उलटी. मग थूलभाऊंच्या घरात फोडणी बंद झाली. क्वार्टरच्या लाइनीत शेजारच्या दोघीही खिडक्या लावून स्वयंपाक करू लागल्या. थूलभाऊ ठाण्यात येऊन चहाबरोबर टोस्ट खायचे. डबा नाही. वहिनी पेज प्यायच्या आणि तीही ओकून टाकायच्या. उलटीच्या गोळ्याच उलटीतून पडायच्या.

आम्ही सगळे बघायला गेलो. कोणी सफरचंदं नेली, कोणी बिस्किटं. वहिनी बाहेर कडुनिंबाखाली खाटेवर पडल्या होत्या, आत त्यांचा जीव घुसमटायचा. आमच्याकडे बघून म्हणाल्या, "इतके पोलीस आले! आता पंचनामा करूनच जा. एक बाई, हाडं भरपूर, मांस जप्त."

बंडू हसायला गेला आणि त्याला रडू आलं. मलाही आलं.

*

याच दिवसांत कोणीतरी खबर दिली म्हणून आम्ही एका खेड्यात गेलो. म्हातारीच्या परसात गांजाचं एकच झाड, तिच्याहून उंच. म्हातारी म्हणे, "बैलाले देतो जी. बैलाचं पोट बिघडलं, खानं सोडलं, का दोन पानं चारतो. दुसऱ्या दिवशी कडबा खाते."

आम्ही झाड उपटलं. म्हातारी पाठीमागून ओरडली, "साहेब, बैल काई चिलीम नाई ओढत!"

जीपमध्ये बंडू म्हणाला, "म्हंजे बैलाले चालते, मानसाले नाई!" मागे थूलभाऊ झाड मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी बंडूला नीट रस्त्याकडे बघून गाडी चालवायला सांगितलं.

*

व्यसनमुक्ती सप्ताहात कॉलेजनं वादविवाद स्पर्धा ठेवली. विषय: औषध म्हणून गांजाला कायदेशीर परवानगी असावी का? परीक्षक म्हणून ठाणेदार मॅडमना बोलावलं होतं. मॅडम सांगलीकडच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांना ऐनवेळी मीटिंग लागली म्हणून त्यांनी थूलभाऊंना पाठवलं. मी सोबत.

एक मुलगा विरोधात बोलला. औषधाच्या नावाखाली पानठेल्यावर मिळायला लागेल, तरुण पिढी, हायवेवरचे ड्रायव्हर, अपघात. मुद्दे खोटे नव्हते, आम्ही ते अपघात उचलले आहेत. मग एक मुलगी बाजूनं बोलली. बाहेरच्या देशांत कॅन्सरच्या पेशंटना देतात, उलट्या कमी होतात, भूक लागते. आपल्याकडे पानांचं तेल काही ठिकाणी चिठ्ठीवर मिळतं, पण डॉक्टर लिहून द्यायला घाबरतात आणि पेशंट विचारायला घाबरतात. टाळ्या तिला जास्त पडल्या.

थूलभाऊंनी पहिला नंबर मुलाला दिला. भाषणात म्हणाले, "कायदा म्हंजे कायदा." वर्दीतला माणूस दुसरं काय म्हणणार!

जिना उतरताना ती मुलगी भेटली. तोंड पाडून उभी होती. थूलभाऊ तिच्याजवळ थांबले आणि हळूच म्हणाले, "पोरी, भूक खरंच लागते का वं?"

ती गोंधळली. "काका, मी नेटवर वाचलं."

"बरं बरं," म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

*

पुढच्या किमोला त्यांनी धीर करून नागपूरच्या डॉक्टरांना विचारलं. तेलाबद्दल. डॉक्टर चांगले होते, पण हात झटकून म्हणाले, "मी नाही लिहून देत. उद्या पोलीस माझ्या दारात उभे राहतील."

थूलभाऊ म्हणाले, "साहेब, मीच पोलीस हो."

"तेच तर," डॉक्टर म्हणाले.

*

आमच्या टपरीवर मग रोज हाच वाद. मी म्हणायचे, अफू कायद्याला चालत नाही, पण त्याच अफूचं मॉर्फिन दवाखान्यात देतातच ना? ठाण्यात लिहायला बसणारा मुन्शी म्हणायचा, आज औषध म्हणाल, उद्या प्रत्येक पोट्ट्याच्या पोटात दुखेल! बंडू म्हणायचा, दारूबंदीनं दारू थांबली का? वाद रंगायचा, चहा संपायचा, आणि थूलभाऊ उठून आत जायचे.

एकदा बंडू बोलून गेला. "भाऊ, कुलूप तुमच्यापाशी. चिमूटभर कोनाले समजते?"

थूलभाऊंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. सरळ मॅडमच्या केबिनमध्ये गेले. मी फायली घेऊन तिथेच उभी होते. त्यांनी पट्ट्याची साखळी सोडली आणि चावी टेबलावर ठेवली.

"मॅडम, चावी घ्या. मले आता भरोसा नाई."

"कुणावर?"

"माह्यावर."

मॅडमनी चावी उचलून परत थूलभाऊंच्या हातात दिली. "जावा, कामाला लागा," एवढंच म्हणाल्या. मला त्या वेळी मॅडमचा फार राग आला होता. माणूस मोडतोय आणि ही बाई त्याला कामाला लावते! मी टपरीवर तसं बोललेसुद्धा.

*

शीलावहिनी दिवाळीच्या थोडं आधी गेल्या. हा किस्सा त्याच्या आधीचा, पोळा नुकताच होऊन गेला होता तेव्हाचा.

नाशाचा हुकूम आला होता. बऱ्याच केसेसचा गांजा एकदम जाळायचा होता. मॅडम मला आणि बंडूला घेऊन क्वार्टरच्या लाइनीमागच्या पडीक मैदानात गेल्या. चारी बाजूंना बघितलं आणि विचारलं, "इथं वारा कुठनं कुठं असतो?"

"इकून क्वार्टरकडे, मॅडम," बंडू म्हणाला. "म्हनून तं लाइनीत कपडे पटकन वाळते."

"मग खड्डा इथंच घ्या."

मी म्हटलं, "मॅडम, दरवेळी आपण खदानीत जाळतो."

"खदानीत पाणी साठलंय."

साठलं असेल. मी काही बघायला गेले नाही.

आदल्या दिवशी मॅडमनी लाइनीतल्या सगळ्यांना निरोप पाठवला, दारं-खिडक्या लावून घ्या, पोरं शाळेत गेल्यावरच पेटवू. थूलभाऊंच्या घरी निरोप द्यायचं काम आधी माझ्याकडे दिलं. मग म्हणाल्या, "राहू दे, मी बघते."

नाशाच्या दिवशी कमिटीचे साहेब आले. "इथं कशाला, वस्तीजवळ?" त्यांनी विचारलं.

"बंदोबस्त कमी लागतो, सर," मॅडम म्हणाल्या. साहेब मान हलवून वरच्या अंगाला खुर्चीवर बसले.

थूलभाऊंनी एकेक पोतं मोजून दिलं, सील फोडलं, खड्ड्यात ओतलं. त्या म्हातारीचं झाडही त्यात होतं, वाळून काटकी झालेलं. डिझेल ओतलं. पेटवलं. धूर उठला, मैदानावरून वळला आणि सरळ लाइनीकडे निघाला. सगळ्या घरांची दारं बंद होती. कडुनिंबाखाली एक खाट तेवढी बाहेर होती.

थूलभाऊंना ते तेव्हा दिसलं. ते धावत मॅडमकडे आले. "मॅडम, घरची खाट आत नेऊन येतो. पाच मिनिटं द्या!"

मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं नाही. "हवालदार, कमिटी बसलीय. सगळं जळून राख होईस्तोवर जागा सोडायची नाही."

"मॅडम, शीला हाय तिथं..."

"ऑर्डर आहे."

थूलभाऊ खड्ड्यापाशी परत गेले आणि सावधान उभे राहिले. पाठ क्वार्टरकडे. धूर बराच वेळ चालला. बंडूनं एकदाही विनोद केला नाही.

पंचनामा मी लिहीत होते. जागा, वेळ, पोती, हजर इसम. मॅडम वाकून म्हणाल्या, "वाऱ्याचं लिहायची गरज नाही."

संध्याकाळी मी दळण घेऊन लाइनीतून येत होते. मध्येच पाय थांबले. लसणाच्या फोडणीचा वास येत होता, तोही थूलभाऊंच्या खिडकीतून. आत पातेलं पडल्याचा आवाज झाला. बाहेर खाटेवर वहिनी उशीला टेकून उठून बसल्या होत्या आणि खिडकीकडे तोंड करून जोरात ओरडत होत्या, "अवो, लसून जळून राह्यला ना! उतरवा खाली! मले भूक लागली म्हनून काय कोयसा खाऊ घालता?"