नळी तिकडं, डोळा इकडं

माझ्या सासूबाई, सारजाबाई, गुलमंडीत कापड घ्यायला गेल्या की दुकानदार आधी काडेपेटी लपवतो. तो सुती म्हणाला तरी ह्या बाई कडेचा दोरा उपसणार आणि तिथंच जाळून वास घेणार. दूधवाला, गॅसवाला, डॉक्टर, कुणी सुटत नाही. त्यांच्या दिरांनी गोड बोलून पडेगावची जमीन घशात घातली, तेव्हापासून ही सवय. त्याचं मला वाईट वाटतं. पण दिरांचा राग सुनेवर काढायचा म्हणजे काय!

मुकुंदवाडीत आमच्या समोरच्या गच्चीवरच्या खोलीत अभय नावाचा मुलगा भाड्यानं आला. चिकलठाण्याच्या एका कंपनीत कामाला, लग्न झालेलं नाही. एवढा गुन्हा बाईंना पुरेसा होता. त्यात त्यानं दुर्बीण आणली. स्टुलावर ठेवायची बुटकी, जाड नळी. तळाशी आरसा आणि डोळा लावायचं भिंग वरच्या टोकाला, बाजूला. म्हणजे नळी आकाशाकडं आणि अभयचं तोंड नेमकं आमच्या गच्चीकडं. मी संध्याकाळी कपडे काढायला वर जायचे, तेव्हा हा वाकलेला, एक डोळा मिटून!

"नळी तिकडं दावतो अन् डोळा इकडं लावतो," बाई म्हणाल्या. "लई हुशार हाय. अन् मंजुषा, तुझे कपडेबी आजकाल लई उशिरा वाळायलेत."

"आत्याबाई, तो चांदण्या बघतो."

"तुला कसं ठावं?"

कपाळ माझं! गच्चीला कुलूप लागलं, किल्ली त्यांच्या पदराच्या गाठीत गेली. वर माझ्या नवऱ्याला, विश्वजीतला, हुकूम सुटला: "रविवारी हिला माहेरी नेऊन घाल." आणि त्या नंदीबैलानं मान हलवली.

माझं डोकंच फिरलं. दिवेलागणीला बाईंचं मनगट धरलं आणि त्यांना समोरच्या जिन्यानं वर नेलं. अभय गडबडून उठला. अर्धा चंद्र वर आलेला होता. बाईंनी भिंगाला डोळा लावला.

"चंद्र उलटा हाय," त्या म्हणाल्या.

"काकू, या दुर्बिणीत उलटाच दिसतो."

"नळीत फोटू उलटा चिकटवला म्हण की."

त्यांनी नळीच्या तोंडावर पदर धरला. आत अंधार. पदर काढला, चंद्र परत आला. तरी समाधान नाही. "कुणीच हात लावू नका," असं आम्हाला बजावून पुन्हा वाकल्या. हळूहळू चंद्र कडेला गेला, अर्ध्याचा पाव झाला, दिसेनासा झाला.

"सरकला," त्या पुटपुटल्या. "फोटू सरकत नाय."

मग भिंगावरचा डोळा काढून मान वर केली, तेव्हा कुठं त्यांना समोरचं दिसलं. आमची गच्ची, रिकामी दोरी. तशाच जिना उतरल्या.

घरी आल्यावर विश्वजीतला म्हणाल्या, "रविवारचं राहू दे." जणू लाईटबिल भरायचं होतं!

"त्या पोरावर विश्वास बसला ना?" मी विचारलं. "चंद्रावरसुद्धा बसला. मी या घरात इतकी वर्षं राबतेय, माझ्यावर बसायला मी काय करू? मलाही नळीत घालून बघता का?" बोलता बोलता मला रडू फुटलं. बाई भाकरी थापत राहिल्या.

रविवारी मी पिशवी भरून दारात आले.

"कुठं निघालीस?"

"माहेरी. तुम्ही नाही पाठवत, मीच चाललेय."

बाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. एरवी त्यांनी विचारलं असतं, कुणासोबत, कशाला, पिशवीत काय आहे. या वेळी त्यांचा आवाज वेगळाच निघाला. "परत येशील ना?"

"संशय आहे का?"

त्यांनी पदराची गाठ सोडली. गाठ लवकर सुटेना. गच्चीची किल्ली माझ्या तळहातावर ठेवून म्हणाल्या, "ही तुझ्यापाशीच ठेव. तू येस्तोवर मी कपडे खालीच वाळवते."