चुकार ठिपका

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत सव्वीस वर्षं कोळ्यांच्या शिश्या सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे बरणीकाका म्हणत. काम साधंच. शिशीतलं स्पिरिट उडत आलं की नवं भरायचं, आणि आतली पेन्सिलीची चिठ्ठी पुसट झाली असली तर तीच नव्यानं उतरवून आत सोडायची. कोळी कुठे सापडला हे सांगणारी तेवढी एकच चिठ्ठी. ती गेली की कोळी पोरका. म्हणून काकांचा नेम होता, एका वेळी एकच शिशी उघडायची.

त्या सकाळी संशोधक बाई नकाशा घेऊन आल्या. बिळाला दार लावून बसणाऱ्या कोळ्यांचं एक मोठं कुळ होतं, त्याची आता दोन करायची होती. अलीकडच्या किनाऱ्याचं एक, समुद्रापलीकडचं दुसरं. सगळे ठिपके शहाण्यासारखे आपापल्या बाजूला बसले होते. एकच चुकार. अंगाची ठेवण अस्सल पलीकडची, चिठ्ठीवर ठिकाण मात्र इकडचं.

"काका, यांच्या माद्या जन्मभर एका बिळातून हलत नाहीत. ही एकटीच समुद्र ओलांडून माहेरपणाला आली होय?"

काका हसले नाहीत. चिठ्ठीवर अक्षर त्यांचंच होतं.

"मूळ चिठ्ठी?"

"लगदा झाला होता तिचा. टाकली."

"मग उतरवताना या नकाशात नसलेल्या, दुसऱ्याच कोळ्याच्या चिठ्ठीशी अदलाबदल झाली असेल का? झाली असेल तर कुळं दोन. नसेल तर माझी चार वर्षं पाण्यात. दुपारी नकाशा छापायला जातोय."

म्हणजे एक तर कधीकाळी जमीन सरकली असणार, नाहीतर काकांचा हात!

नेम एकदाच मोडला होता, हे त्यांना पक्कं आठवत होतं. मुलगी झाल्याचा निरोप आला तेव्हा टेबलावर दोन शिश्या उघड्या होत्या. पण त्यांतली एक हीच का? काही केल्या आठवेना. त्यांनी बाहेर जाऊन घरी फोन लावला.

"मला विचारताय?" बायको म्हणाली. "मी खाटेवर होते! तुम्ही दोन तासांनी उगवलात, हातांना स्पिरिटचा वास. माझ्या आईनं बाळाला हात लावू दिला नाही, एवढं ठाऊक."

"शिश्यांचं काही बोललो होतो?"

"बोलला असाल. दुसरं बोलता काय तुम्ही?"

काका परतले ते आणखीच गोंधळून.

"अदलाबदल झाली म्हणा ना," बाई हळूच म्हणाल्या. "कोण विचारायला येतंय?"

"झालीच असेल असं फार वाटतंय, बाई. म्हणून तर म्हणवत नाही."

त्यांनी कोरी चिठ्ठी घेतली. 'ठिकाणाबद्दल शंका. उतरवणाऱ्याला आठवत नाही.' खाली सही, तारीख. चिमट्यानं ती शिशीत सोडली. बाईंनी गाल फुगवून सुस्कारा टाकला, ठिपका खोडला आणि तिथे प्रश्नचिन्ह काढलं.

"आता हिला कुठल्या कपाटात ठेवू?"

दोन कुळांची दोन कपाटं उघडीच होती. बाई आळीपाळीनं दोन्हींकडे बघत राहिल्या.

"मलाही कळत नाहीये हो. तूर्त खिडकीत ठेवा."

"तिथे ऊन येतं."

"मग... धरा जरा हातातच."